परजीवी, यजमान आणि यतना

चातुर्मासात साधु-साध्वी विहार थांबवून एका स्थानी राहतात. पावसाने भूमीवर सूक्ष्म जीवांची उत्पत्ती वाढते व पावलोपावली विराधनेचा संभव असतो, हे त्यामागील प्रमुख कारण आहे. याच दिवसांत पांजरपोळ, गोशाळा आणि शेतकऱ्यांचे गोठे यांतील जनावरांना गोचीड व पोटातील कृमी यांचा उपद्रव वाढतो. अशा वेळी श्रावकापुढे कठीण प्रश्न उभा राहतो. गाय पंचेंद्रिय, गोचीड त्रींद्रिय, कृमी द्वींद्रिय. एका जीवाची पीडा दूर करताना अनेकांचा घात होतो. मग जीवदया कोणती? या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी पशुवैद्यकशास्त्रातील काही मूलभूत संज्ञा समजून घेणे हिताचे ठरेल.

जो जीव दुसऱ्या प्राण्याच्या अंगावर किंवा अंगात राहून त्याच्याच शरीरातून पोषण मिळवतो व त्याला अपाय करतो, तो ‘परजीवी’. ज्याच्या आधारे तो जगतो, तो ‘यजमान’. गोचीड, उवा, पिसवा हे ‘बाह्य परजीवी’. पोटातील कृमी आणि रक्तातील एकपेशीय जीव हे ‘अंतःपरजीवी’. कृमींचेही गोल, पट्ट आणि चपटे असे तीन मुख्य वर्ग आहेत. परजीवी ज्याच्या शरीरात प्रौढ होऊन प्रजनन करतो तो ‘अंतिम यजमान’, आणि ज्याच्या शरीरात त्याची केवळ अपरिपक्व अवस्था वाढते तो ‘मध्यस्थ यजमान’. रोगकारक जीव एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे नेणारा तो ‘वाहक’. अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंतचा सारा प्रवास म्हणजे ‘जीवनचक्र’. या शास्त्राचे मर्म या शेवटच्या शब्दात आहे.

यकृतातील चपट्या कृमीचे उदाहरण घ्यावे. त्याची अंडी गाई-म्हशींच्या शेणावाटे बाहेर पडतात. ती पाण्यात पोहोचली की त्यांतून निघालेला डिंभ विशिष्ट जातीच्या पाणगोगलगायीत शिरतो. तेथे त्याची संख्या अनेक पटींनी वाढते. पुढे हे डिंभ बाहेर पडून पाणथळ जागेतील गवताला कोषरूपाने चिकटतात आणि ते गवत खाणाऱ्या जनावराच्या यकृतात जाऊन पोहोचतात. जनावर खंगते, त्याचे रक्त कमी होते, जबड्याखाली सूज येते. येथे गोगलगायीवर विष टाकण्याची गरज नाही. तळ्याकाठी चराई टाळावी, पाणी स्वच्छ हौदात पाजावे, शेण पाण्यात जाऊ देऊ नये. एवढ्याने जीवनचक्राची साखळी तुटते.

गोचिडाचेही असेच आहे. गुरांवर सर्रास आढळणारी गोचिडाची एक जात सुमारे तीन आठवडे एकाच जनावराच्या अंगावर वाढते. रक्त पिऊन टच्च फुगलेली मादी जमिनीवर गळून पडते आणि दोन-तीन हजार अंडी घालते. गोचिडाची दुसरी एक जात गोठ्याच्या भिंतींच्या भेगांत दडून राहते. तिच्यामार्फत पसरणारा थायलेरिओसिस हा रोग संकरित गाईंना विशेष घातक ठरतो. गोचीड हा गुरांच्या तापाचा वाहक आहे, हे अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ साली सप्रमाण प्रसिद्ध केले. म्हणजे उपद्रवाचे मूळ जनावराच्या अंगाइतकेच गोठ्यात असते. पावसाळ्यापूर्वी भेगा बुजवणे, गोठा कोरडा व हवेशीर ठेवणे, नव्याने आलेले जनावर काही दिवस वेगळे बांधणे, हे उपाय अंडी पडण्याआधीचे आहेत. म्हणून ते अधिक अहिंसकही आहेत.

या विचाराचे बोलके उदाहरण नारूच्या रोगात सापडते. नारूच्या कृमीचा मध्यस्थ यजमान म्हणजे पाण्यातील अतिसूक्ष्म जलपिसू. न गाळलेल्या पाण्यातून ती पोटात गेली की माणसाला नारू होई. भारतातील निर्मूलन मोहिमेत कापडाने पाणी गाळून पिणे हा एक मुख्य उपाय होता. सोबत पायऱ्यांच्या विहिरी बंद करून हातपंप बसवले गेले, पाण्यात औषधही टाकले गेले. २००० साली भारत नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. जैन घरांत पाणी गाळून त्यातील जीव, म्हणजे जिवाणी, पुन्हा मूळ जलाशयात सोडण्याची रीत फार जुनी आहे. तिच्यात यजमान आणि परजीवी यांची भेट टळते आणि जलपिसूही वाचते.

तरीही रोग होतोच, आणि तेव्हा औषध देणे भाग पडते. पण तेथेही विवेकाला वाव आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या जठरात राहून रक्त शोषणाऱ्या गोल कृमीसाठी दक्षिण आफ्रिकेतील पशुवैद्यांनी एक सोपी पद्धत विकसित केली. पापणीच्या आतील त्वचेचा रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. ती लालसर असेल तर औषध नको, फिकट असेल तरच द्यायचे. सरसकट औषध दिल्याने औषधाला न जुमानणारे कृमीच मागे उरतात, त्यांचीच वंशवृद्धी होते आणि पुढे खऱ्या रुग्ण जनावरालाही औषध लागू पडत नाही. शिवाय आयव्हरमेक्टिनसारख्या औषधाचा अंश शेणातून उतरून शेणकिड्यांनाही बाधतो. कत्तलीपासून सोडवून आणलेल्या शेळ्या-मेंढ्यांचे कळप सांभाळणाऱ्या पांजरपोळांनी म्हणूनच आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात शेणाची तपासणी करून घ्यावी आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने, गरज असलेल्या जनावरालाच, योग्य मात्रेत औषध द्यावे.

उपचारात होणारी हिंसा हिंसाच आहे, हे श्रावकाने विसरू नये. पण आश्रयाला आलेले मुके जनावर रक्तक्षयाने झिजत असताना हात बांधून बसणे हीही दया नव्हे. भेगाळलेली भिंत, तुंबलेले पाणी आणि साचलेले शेण यांकडे वेळीच लक्ष दिले, तर औषधाच्या बाटलीपर्यंत जाण्याचे प्रसंग पुष्कळ कमी होतात. गोशाळेच्या विश्वस्तांनी ज्येष्ठ महिन्यातच गोठ्याची अशी पाहणी केली, तर चातुर्मासातील जीवरक्षेचा आरंभ तेथूनच होईल.