भगरीचे पीठ फेकू नका, तक्रार द्या!

तालुक्यातील समस्त ग्राहक, सप्ताह समित्या आणि महिला बचत गटांना ग्राहक मंडळाचे जाहीर आवाहन



महाशिवरात्रीच्या रात्री आपल्या ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकून माणसे झोपवावी लागली. उलट्यांनी गळून गेलेली, हातपाय थरथरणारी, आणि त्यांत बायकाच जास्त. कडक उपवास त्याच करतात. सगळ्यांच्या पोटात भगरीच्या पिठाची भाकरी होती आणि ते सुटे पीठ एकाच दुकानातले होते. दुसऱ्या दिवशी बातमी आली, 'भगरीतून विषबाधा, सर्वांची प्रकृती स्थिर'. तिसऱ्या दिवशी त्याच दुकानात त्याच जागी नवे पोते उभे! जुने पोते कुठे गेले, असे आपल्या मंडळाने विचारले. उत्तर मिळाले, "ढोरांना घातलं."

म्हणजे पुरावा ढोरांनी खाल्ला आणि गावाने ते खपवून घेतले.

प्रकृती स्थिर आहे म्हणून गुन्हा घडलाच नाही, असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे? अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 यातील कलम 59 प्रत्येकाने वाचावे. असुरक्षित अन्न विकले, साठवले किंवा वाटले आणि कोणालाही काही झाले नाही, तरी तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड आहे. (ही कैद आधी सहा महिन्यांपर्यंत होती. 2023 च्या जनविश्वास कायद्याने ती निम्मी केली. कोणाचा विश्वास जपला, ते ज्याचे त्याने ठरवावे.) इजा झाली तर एक वर्षापर्यंत, गंभीर इजा झाली तर सहा वर्षांपर्यंत, आणि माणूस दगावला तर किमान सात वर्षे ते जन्मठेप व किमान दहा लाख दंड. शिवाय कलम 65 प्रमाणे बाधिताला भरपाई, मृत्यू झाल्यास किमान पाच लाख. इतका कडक कायदा असूनही आपल्याकडे प्रकरण 'मिटवून घ्या, आपलाच माणूस आहे' यावर संपते.

2024 च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातील सोमठाण्याला सप्ताहात एकादशीची भगर-आमटी खाऊन शेकडो भाविक आजारी पडले. खाटा पुरेनात. झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगल्या, माणसे उघड्यावर जमिनीवर. ती छायाचित्रे देशभर फिरली, आपणही हळहळलो आणि पुढच्या एकादशीला पुन्हा सुटे पीठ तोलून घेतले.

भगरीला ओल चटकन धरते आणि तिच्यावर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढून विष तयार होते. पीठ तर त्याहून लवकर बिघडते. म्हणूनच अन्न व औषध प्रशासन उपवासाच्या तोंडावर सांगत असते की सुटी भगर, सुटे पीठ घेऊ नका, पाकीटबंद घ्या, तारीख पाहा, लागेल तेवढेच दळा. ऐकतो कोण?

काहीजण म्हणतात, उपवासाला जास्त खाल्ले म्हणून त्रास झाला. एका रात्री इतक्या घरांत? काहीजण म्हणतात, प्रसादाला नावे ठेवू नयेत. नावे पोत्याला ठेवतो आहोत, देवाला नाही. राहिला 'गरीब दुकानदार मरेल' हा मुद्दा. कलम 27 प्रमाणे माल कोणाकडून आला हे सांगता येत नसेल, तर जबाबदारी विक्रेत्यावर येते. त्याने ठोक व्यापाऱ्याची पावती दाखवावी, तपास वर सरकेल. पावतीच नसेल तर गरिबीचे नाव पुढे करू नये.

आता कामाचे. त्रास सुरू झाला की उरलेले पीठ फेकू नका. पिशवी तशीच बांधा, वर तारीख आणि दुकानाचे नाव लिहा. पण तेवढ्यावर भागत नाही. घरच्या डब्यातल्या पिठावर उद्या समोरचा वकील बोट ठेवणारच. खरा नमुना दुकानातल्या पोत्यातून अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने घ्यायचा असतो आणि त्याचे चार भाग करायचे असतात. म्हणून त्याच दिवशी, पोते हलायच्या आत, 1800222365 या अन्न व औषध प्रशासनाच्या टोल फ्री क्रमांकावर फोन करा आणि लेखी तक्रारीची पोच घ्या. विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. पंधराव्या दिवशी विचारायला जा, एकट्याने नाही, आम्हाला घेऊन. डॉक्टरांकडून केसपेपरवर 'अन्न विषबाधा' आणि काय खाल्ले ते लिहून घ्या. केवळ पोलीस ठाण्यातल्या नोंदीवर समाधान मानू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 274-275 मध्ये जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही आहे. आपला आग्रह कलम 59 चा हवा. आणि उशीर नको, खटल्याची मुदत साधारणपणे एक वर्षाचीच आहे.

सप्ताह समित्यांनो, मंडप आणि बँडचा हिशेब तुम्ही पै न् पै फलकावर लावता. हजार माणसांच्या पंगतीची भगर कुठून आणली, त्याची पावतीही त्याच फलकावर लावा. बचत गटांच्या ताईंनो, बिल मागायला लाजू नका. पेट्रोल पंपावर पाच लिटरचे माप मागायची सवय या तालुक्याला आपल्याच मंडळाने लावली. तेव्हाही लोक हसले होते.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मारुती मंदिराच्या सभामंडपात यावे. महाशिवरात्रीला बाधा झालेल्या प्रत्येक घरातून एक माणूस हवाच. दुकानाचे बिल असल्यास ते, रुग्णालयाचा केसपेपर आणि आधार कार्डाची प्रत सोबत आणावी. तक्रारीचे अर्ज मंडळ तिथेच लिहून देईल, त्याचे पैसे नाहीत. पीठ उरले असेल तर पिशवी उघडू नये.