देणगीची पावती आणि हक्कसोडपत्र

स्मरणिकेसाठी समाजसुधारणेविषयी लिहावयास बसले म्हणजे लेखणी आपसूक दुसऱ्याच्या अंगणात शिरते. सरकारने काय करावे, तरुणांनी काय करावे, हे सांगणे सुलभ. स्वतःच्या उंबऱ्याच्या आत काय करावे, हे लिहिताना मात्र दौतीतील शाई वाळते. म्हणून या खेपेस आम्ही दाखला घेत आहोत तो विक्रीचा धंदा जवळून पाहिलेल्या एका गृहस्थाचा.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक म्हणून ते सर्वांस परिचित आहेत. परंतु किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीसाठी त्यांनी खेडोपाडी फिरती केली होती, हे आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानी नसते. फिरतीवरच्या विक्रेत्यास खेडे जसे दिसते तसे ते व्याख्यात्यास दिसत नाही, असे आमचे मत आहे. १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे संस्था निघाली. १९२४ साली ती साताऱ्यास आली. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहू व जेवू लागली, आणि १९२७ साली महात्माजींच्या हस्ते त्या वसतिगृहास राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव मिळाले.

हा इतिहास भाषणांतून येतोच. आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते कर्मवीरांचे स्वयंपाकघर. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या वळणात वाढलेल्या. ज्यांची सावलीही त्या काळी टाळली जाई, अशा घरांतील मुलांना त्यांनी पोटच्या मुलांप्रमाणे वाढले. वसतिगृहातील धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने मोडले, आणि शेवटी मंगळसूत्रही. १९३० साली त्या वारल्या. पंक्तिभेद मोडण्याचा ठराव कर्मवीरांनी सभेत मांडला असता आणि घरची पंगत जशीच्या तशी ठेवली असती, तर साताऱ्यास कोणी त्यांच्याकडे पोर धाडले असते काय?

आता आपल्या पेठेकडे वळू. कन्याशाळेस देणगी देण्यात आपला समाज मागे नाही. संगमरवरी पाट्या साक्ष देतील. परंतु त्याच दात्याच्या तिजोरीत लेकीने सही केलेले हक्कसोडपत्र आढळावे, यास काय म्हणावे? वारसा हक्काचा १९५६ चा कायदा जैनांसही लागू आहे. महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांनी १९९४ सालीच अविवाहित मुलींना वडिलार्जित मिळकतीत जन्मसिद्ध वाटा दिला. २००५ साली तो विवाहित मुलींसह देशभर लागू झाला, आणि २००५ पूर्वी पिता वारला असला तरी कन्येचा हक्क बुडत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. कायदा आला, पाठोपाठ हक्कसोडीचा मसुदाही आला. वडील गेल्यावर महिना-दोन महिन्यांत बहिणीस माहेरी बोलवावयाचे, गोडधोड करावयाचे, साडी नेसवावयाची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सबरजिस्ट्रारच्या कचेरीत न्यावयाचे. ती सही करते, कारण न केल्यास माहेर तुटेल हे तिला कोणी न सांगता कळते. अशा सहीस राजीखुशीची सही म्हणणे आम्हांस जड जाते.

‘लग्नात दिलेच की,’ असे उत्तर मिळते. लग्नात दिले ते बहुधा सासरच्या हाती गेले. शिवाय हुंडा देणेघेणे १९६१ पासून गुन्हा आहे, तेव्हा त्याची वजावट मागणे शोभत नाही. दुसरी अडचण मात्र खरी आहे. चालत्या पेढीचे भांडवल वाटले तर दुकान बसते. पण व्यापाऱ्यास हे कोडे नवे नाही. दोन भावांत आपण पेढी न मोडता हिस्से ठरवितोच. बहिणीस भागीदार करता येते, तिचा हिस्सा हप्त्यांनी फेडता येतो, स्वकष्टार्जित मिळकतीचे मृत्युपत्र करता येते. भावासाठी सुचणारी युक्ती बहिणीच्या वेळी सुचत नाही, एवढेच.

हे सारे वडील हयात असताना व्हावे. मागाहून मुलांवर सोपविलेला न्याय मुले सोयीने करतात. येत्या दिवाळीत वहीपूजनास जमाल तेव्हा पेढीचे भागीदारीपत्र बाहेर काढावे, त्यावरील नावे घरातील सर्वांदेखत वाचावी, आणि त्या वेळी लेकीसही खोलीत बसवावे.