स्कोप की रेड डॉट? आधी अंतर मोजा!

मंडळी, हा वाद आता ठरलेलाच झालाय. ऊसतोड सुरू होते, जुन्नर-आंबेगावातून बिबट्याच्या बातम्या येऊ लागतात आणि पुण्यात एसीत बसून कोड लिहिणारी आमची जमात एका रात्रीत शस्त्रतज्ज्ञ होते. "गावकऱ्यांना रिव्हॉल्व्हरचे परवाने देऊन टाका" ही पहिली पायरी. मग कोणीतरी अमेरिकेतल्या शिकाऱ्याचा व्हिडिओ टाकतो आणि चर्चा दुसऱ्या पायरीवर जाते: त्यावर स्कोप लावावा की रेड डॉट?

आज मी सरळ भांडायलाच बसलोय. माझं म्हणणं असं: जुन्नरात बिबट्यावर रोखायचं पहिलं हत्यार रिव्हॉल्व्हर नाहीच, भुलीची बंदूक आहे. तिच्यावर स्कोप नको, रेड डॉट हवा. आणि अंतर मोजायची सोय नसेल तर तो रेड डॉट म्हणजे नुसता लाल दिवा!

आधी तो अमेरिकन व्हिडिओ निकालात काढू. तिथला शिकारी .४४ मॅग्नमचं धूड घेऊन दिवसाउजेडी मचाणावर बसतो आणि पन्नास-शंभर मीटरवरच्या हरणावर नेम धरतो. तिथे स्कोप की रेड डॉट हा खरा प्रश्न आहे. रिव्हॉल्व्हर हात लांब करून धरायचं, म्हणून त्याचा स्कोपही डोळ्यापासून हातभर लांबून दिसेल असाच लागतो, आणि डोकं जरा हललं की चित्र गायब. रेड डॉटमध्ये ही भानगड नाही. डोळा कुठेही असो, ठिपका दिसला की नेम लागला. उलट लांबवरचं बारीक लक्ष्य असेल तर स्कोप सरस, कारण तो मोठं करून दाखवतो.

आता आपल्याकडे या. साध्या नागरिकाला परवान्यावर मिळणारं नेहमीचं रिव्हॉल्व्हर म्हणजे .३२ चं, कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं. नळी वीतभरही नाही, आणि वर स्कोप किंवा रेड डॉट बसवायला पट्टीच नाही. गोळीची ताकद .४४ मॅग्नमच्या सात-आठ पट कमी. म्हणजे वाद कशावर चाललाय, तर जे बसणारच नाही ते कोणतं बसवावं यावर! एवढ्याशा गोळीने बिबट्या जागेवर पडणं अवघड, जखमी होणं सोपं. जखमी बिबट्या उसात शिरला की सकाळी त्या फडात कोण जाणार? कोयता घेतलेली ऊसतोडणी कामगार बाई. आणि जी गोळी लागली नाही ती उसात थांबत नाही. फडाच्या पलीकडे कोप्या असतात, त्यात लेकरं झोपलेली असतात.

कायद्याचंही सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या पहिल्या परिशिष्टात आहे. माणसाच्या जिवाला धोका झालेला बिबट्या मारायची परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, पण त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नाही याची खात्री पटल्यावरच. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मेलं तर तो गुन्हा नाही, हेही त्याच कायद्यात आहे. पण "दिसला की घाला गोळी" असं कलम त्यात नाही.

"आमची माणसं मरतायत आणि तू कलमं कसली सांगतोस?" हा प्रश्न रास्त आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जुन्नर वनविभागातल्याच, शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन बळी गेले. एक पाच वर्षांची मुलगी, एक वृद्ध बाई आणि एक तेरा वर्षांचा मुलगा. लोकांनी वनखात्याची गाडी जाळली, मंचरला पुणे-नाशिक रस्ता अडवला. बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्या. मला त्या रागाची टिंगल करायची नाही. ज्याला रात्रीची लाईट आहे म्हणून रात्रीच दारं धरायला जावं लागतं, त्याला पुण्यातून संयम शिकवू नये.

पण पुढे काय झालं तेही बघा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात थर्मल ड्रोनने रात्री बिबट्या सापडला. बातम्यांप्रमाणे आधी भुलीचा डार्ट मारायचा प्रयत्न झाला, तो फसला, बिबट्या चवताळून चालून आला आणि मग नेमबाजांनी गोळ्या घातल्या. त्या रात्री नेमकं काय बिघडलं याचा निकाल मी घरबसल्या देणार नाही. पण सगळा खेळ पहिल्या डार्टवर असतो, एवढं त्यातून दिसतं. डार्ट नीट लागला तर बिबट्या पिंजऱ्यात जातो. हुकला तर एका क्षणात दहा माणसांचा जीव टांगणीला.

म्हणून थोडं गणित करू. भुलीची बंदूक दाबलेल्या वायूवर चालते. डार्ट म्हणजे पिसं लावलेली सिरिंजच. समजा तो सेकंदाला ६० मीटर वेगाने सुटला. २० मीटरवर पोचायला त्याला एक तृतीयांश सेकंद लागतो आणि तेवढ्यात तो नळीच्या रेषेपासून अर्धा मीटर खाली येतो. ठीक आहे, तेवढी नळी वर करून आपण २० मीटरला नेम जुळवला. पण जनावर प्रत्यक्षात ३० मीटरवर असेल तर? डार्ट नेमाच्या सुमारे ४० सेंटीमीटर खाली जाणार. बिबट्याची खांद्यापाशी उंची साठ-सत्तर सेंटीमीटर. म्हणजे नेम मांडीवर आणि डार्ट पंजापाशी मातीत! हीच दहा मीटरची चूक .४४ च्या गोळीला जेमतेम एका सेंटीमीटरची पडते.

बरं, "मग प्रेशर वाढवून ठेवू" हेही चालत नाही. जवळच्या जनावराला जोरात बसलेला डार्ट हाड मोडू शकतो. म्हणून अशा बंदुकांबरोबर तक्ता असतो: एवढं अंतर, एवढा डार्ट, तर एवढं प्रेशर. आधी अंतर, मग प्रेशर, मग नेम. आपल्या भाषेत सांगायचं तर अंतर हा इनपुट आहे. तोच चुकीचा दिला तर पुढचा स्क्रीन कितीही भारी असला तरी आउटपुट कचराच.

आता स्कोप का नको? चारपट स्कोपमधून शंभर मीटरवर साधारण दहा मीटर रुंदी दिसते. म्हणजे पंधरा मीटरवर फक्त दीड मीटर. उसाच्या कडेला, बॅटरीच्या झोतात, हलणारं जनावर त्या दीड मीटरात शोधायचं! बऱ्याचदा ठिपकेदार कातडं दिसेल, पण ते मांडीचं की पोटाचं ते कळणार नाही. रेड डॉटमध्ये दोन्ही डोळे उघडे राहतात, जनावरामागचा माणूस दिसतो, दुसरा बिबट्या असेल तर तोही दिसतो. चार एमओएचा ठिपका २५ मीटरवर तीन सेंटीमीटर झाकतो, डार्टसाठी हे पुरून उरतं. एकच पथ्य: रात्री ठिपका अगदी मंद ठेवायचा. दिवसाच्या प्रखरतेवर राहिला तर ठिपकाच दिसतो, बिबट्या नाही.

पण रेड डॉट अंतर सांगत नाही. त्याची किंमत कळायची तर सोबत लेझरचा अंतरमापक हवा आणि तो धरणारा वेगळा माणूस हवा, कारण उसाच्या पानावर आदळून तो खोटं अंतरही दाखवतो. मुख्य म्हणजे सराव हवा. पाणी भरलेले डार्ट, १०, १५, २०, २५, ३० मीटर, संध्याकाळच्या उजेडात, दर महिन्याला. आणि मागे हजार माणसं मोबाईल उंचावून ओरडत नसावीत. गर्दी आवरण्याची गोष्ट केंद्राच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. नेमबाजाच्या खांद्यावर गर्दी वाकलेली असेल तर जगातला कुठलाही डॉट स्थिर राहत नाही.

"पकडून लांब सोडा" म्हणणाऱ्यांसाठीही एक आकडा. २००१ ते २००३ मध्ये जुन्नर भागात बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याची मोहीम जोरात होती. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. म्हणजे नुसता नेम लागून भागत नाही, कोणावर आणि का धरायचा हेही ठरवावं लागतं. जो बिबट्या कोणाला त्रास न देता उसात राहतोय तो उचलला की त्याची जागा दुसरा घेतो, आणि तो कसा निघेल कोणाला माहीत?

तर मंडळी, पुढच्या वेळी ग्रुपवर कोणी रिव्हॉल्व्हरचा फोटो टाकून "स्कोप की रेड डॉट?" विचारलं तर त्याला उलट विचारा: तुझ्या तालुक्याच्या बचाव पथकाकडे अंतरमापक आहे का? मागच्या महिन्यात त्यांनी किती डार्ट मारून बघितले? सरावाला पैसे मिळतात का? हे प्रश्न आमदाराला विचारायचे आहेत, आणि ते विचारायला शस्त्रपरवाना लागत नाही.