क्रमांक कोणाचा, ते आधी ठरवा

एका विद्यार्थिनीचे पत्र आले आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत यादीतल्या नावांपुढे अनुक्रमांक छापायचे होते. तिने एन्युमरेट वापरले, आउटपुट अचूक आले, तरी गुण कापले गेले. कारण काय, तर जर्नलमध्ये रेंज आणि लेन आहे! पायथनमध्ये एन्युमरेट 2003 साली, 2.3 आवृत्तीत आले. एकपासून मोजण्याची सोय तेव्हा मुद्दाम गाळली होती, कारण जादा आकडे दिले तर वाचणाऱ्याला ते स्लाइस वाटेल, अशी ग्विदो व्हॅन रॉसम यांची हरकत होती. 2008 च्या 2.6 मध्ये स्टार्टही मिळाले. जर्नल मात्र जिथल्या तिथे.

परीक्षकांवर रागावताना आपल्याकडेही पाहू. आमच्याकडे लेखांसोबत येणाऱ्या कोडमध्ये आजही लूपच्या तळाशी आय अधिक एक असते. मध्ये कोणीतरी रिकाम्या ओळींसाठी कन्टिन्यू टाकतो आणि आय तिथेच अडकतो. तीन रिकाम्या ओळी गेल्या की चाळिसाव्या ओळीतली चूक प्रोग्राम सदतिसावीत दाखवतो. डेटा भरणारा माणूस ती ओळ उघडतो, तिथे सगळे ठीक असते. मग तो तासभर फाइल चाळत बसतो. हा त्रास आपण त्याला देतो.

नुसते एन्युमरेट घातल्यानेही भागत नाही. मूळ फाइलवर ते लावून मग ओळी गाळल्या, तर ओळ क्रमांक खरा राहतो, पण छापील यादीत 4 नंतर एकदम 7 येतो. आधी गाळून मग लावले, तर अनुक्रमांक सलग येतात आणि मूळ ओळीचा पत्ता हरवतो. दोन्ही हवे असतील तर दोनदा मोजा, दोन वेगळ्या नावांनी. दोन्हींना आय म्हणू नका. सीएसव्हीचे शीर्षक नेक्स्टने आधीच उचलले असेल तर स्टार्ट 2 द्या. आणि एखाद्या रकान्यातला पत्ता दोन ओळींत मोडला असेल तर तेही चुकते; तिथे रीडरच्या लाइन-नमला विचारा. रेंज-लेनवाल्यांनी तर जनरेटर समोर आला की काय करायचे ते सांगावे, त्याला लांबीच नसते.

प्राध्यापक मंडळींनो, नव्या सत्राची जर्नले छापायला जाण्यापूर्वी ते एक पान बदला. परीक्षकांनो, प्रोग्राम चालवून पाहा आणि मग गुण द्या. असे गुण गेलेल्या प्रत्येकाने प्रश्न आणि आपला कोड आमच्याकडे पाठवावा. आम्ही तो छापू.