घरबसल्या शिकण्यावरचे आक्षेप

घरबसल्या कौशल्य शिकवणारे मोफत साहित्य इंटरनेटवर भरपूर आहे. परभणी जिल्ह्यात त्याविषयी दोन ठाम मते ऐकू येतात. फुकट मिळते ते हलके असते, वर इंग्रजीत असते, म्हणून खरेच शिकायचे तर पुण्याला जाऊन क्लास लावावा, हे एक मत. मोबाइल हातात आल्यावर शिक्षक नको आणि वाचनालयही नको, हे दुसरे. दोन्ही मते चुकीची आहेत. पहिल्या मतापायी जिंतूर-पालमच्या घरांतला पैसा विनाकारण बाहेर जातो, तर दुसऱ्याच्या आडोशाने जिल्ह्यातच करण्यासारखे काम टाळले जाते.

मोफत साहित्यासाठी कोणी पैसे मोजलेच नाहीत, हा समज आधी दूर केला पाहिजे. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी 2003 मध्ये एनपीटेल हा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांचा प्रकल्प सुरू केला. 9 जुलै 2017 रोजी सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन व्यासपीठावर नववीपासून पदव्युत्तर पातळीपर्यंतचे अभ्यासक्रम आहेत. या दोन्हींचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो, आणि त्या तिजोरीत साबण विकत घेणाऱ्या शेतमजुराचाही कर जमा होतो. ज्याचे पैसे आधीच भरलेले आहेत, ते वापरण्यात कमीपणा कसला? दर्जाचे म्हणाल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून पूर्ण करून त्यांचे श्रेयांक पदवीत धरता येतात. शिकण्याला शुल्क नाही. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तर मात्र शुल्क भरावे लागते.

भाषेचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. मराठी माध्यमातून बारावी झालेल्या मुलीला इंग्रजी व्याख्यान लावून दिले, तर दहाव्या मिनिटाला ती ते बंद करील. यात दोष तिचा नाही. पण ही अडचण ओळखूनच उभा राहिलेला एक प्रकल्प महाराष्ट्रातच आहे: मुंबई आयआयटीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेला ‘स्पोकन ट्युटोरियल’. लिब्रेऑफिस, पायथन, लिनक्स अशा मुक्त सॉफ्टवेअरचे साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ त्यात आहेत. जवळ शिक्षक नाही, असे गृहीत धरूनच प्रत्येक पाठ लिहिला जातो. ध्वनिमुद्रणापूर्वी त्याची संहिता त्या विषयात अगदी नवख्या असलेल्या माणसाकडून तपासून घेतात. तो जिथे अडेल तिथे ती दुरुस्त होते. पाठांतला आवाज भारतीय भाषांत दिला जातो, त्यांत मराठीही आहे. पडदा मात्र इंग्रजीच राहतो, कारण उद्या नोकरीच्या जागी समोर येणारा पडदा इंग्रजीच असणार. समजावणे मराठीतून आणि सवय कामाच्या पडद्याची, ही विभागणी फार विचारपूर्वक केलेली आहे. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला यापेक्षा सोयीची रीत क्वचितच कोणी दिली असेल.

हाताची कामे व्हिडिओ पाहून येत नाहीत, असेही म्हटले जाते. सोयाबीनची उगवणक्षमता घरी तपासण्याचे कौशल्य या आक्षेपाला पुरेसे उत्तर आहे. घरच्या बियाण्यातले शंभर दाणे सरसकट घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गोणपाटाची गुंडाळी करून ती सावलीत ओलसर ठेवायची आणि आठवड्याने चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा त्याहून अधिक निघाले तर बियाणे पेरणीजोगे. हे सारे एका छोट्या व्हिडिओत बसते आणि त्याची कसोटी शेतकऱ्याच्या स्वतःच्या हाती असते. ती चुकली तर नुकसान मूठभर दाण्यांचे. न केली तर दुबार पेरणीचे संकट ओढवू शकते. शिवणकामाचेही असेच आहे. कटोरी ब्लाउजचे कटिंग शिकताना बाहीच्या गोलाईपाशी हात अडला की व्हिडिओ मागे घेऊन तेवढाच भाग पुन्हा पाहता येतो. पुन्हा पुन्हा विचारायचा संकोच वर्गात अनेकींना गप्प बसवतो. घरी तो आड येत नाही.

मात्र कोणाचा व्हिडिओ पाहायचा, हे सांगणारे कोणी तरी लागतेच. दुसऱ्या राज्यातली जमीन आणि तिथला पाऊस धरून दिलेला सल्ला गोदाकाठच्या काळ्या जमिनीत जसाच्या तसा चालेलच असे नाही. 1972 मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठ परभणीतच आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ते आज ओळखले जाते, आणि त्याचे शास्त्रज्ञ शेतकऱ्यांशी ऑनलाइन संवादही साधतात. शेतीच्या बाबतीत पहिला शोध तिथे घ्यावा. भरघोस उत्पन्नाची हमी देणाऱ्या अनोळखी चॅनेलकडे पाठ फिरवलेलीच बरी.

मोबाइल पुरेसा आहे, हे मत इथेच ढासळू लागते. ‘स्पोकन ट्युटोरियल’चा पाठ अर्ध्या पडद्यावर चालवायचा आणि उरलेल्या अर्ध्यावर तीच कृती स्वतः करायची, अशी त्याची पद्धत आहे. त्यासाठी संगणक लागतो. मोबाइलवर तो पाठ नुसता पाहून होतो, आणि पाहिलेले म्हणजे आलेले अशी गोड फसगत होते. टंकलेखनात तर हे लगेच उघडे पडते. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीचा वेग मिनिटाला तीस शब्द लागतो. कोणते बोट कुठे ठेवायचे ते व्हिडिओ दाखवील. वेग कळफलकावर रोज बसल्याखेरीज येणार नाही. शिवाय त्याचे शासकीय प्रमाणपत्र ठरलेल्या परीक्षेतूनच मिळते. मोठ्या ऑनलाइन अभ्यासक्रमांना नाव नोंदवणारे पुष्कळ असतात आणि शेवटपर्यंत टिकणारे थोडे, हेही खरे आहे. पण त्यावरून साहित्य निकामी ठरत नाही. एकट्याने शिकणाऱ्याला सोबत आणि ठरलेली वेळ लागते, एवढेच त्यातून दिसते.

नेटवर्कच्या अडचणीला वाटा आहेत. ‘स्पोकन ट्युटोरियल’चे पाठ एकदा उतरवून घेतले की इंटरनेटविना चालतात. ‘स्वयम् प्रभा’च्या शैक्षणिक वाहिन्या डीटीएचवर मोफत दिसतात. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात विनामूल्य आहेत आणि त्यांतल्या क्यूआर कोडवरून ‘दीक्षा’ या शासकीय व्यासपीठावरचे साहित्य उघडते. म्हणजे साहित्य आहे, मराठीही आहे, जोडणीवाचून चालेल असेही आहे. नाही तो संगणक, आणि त्यापुढे बसायला शांत जागा. एका खोलीच्या घरात स्वयंपाक, दूरदर्शन आणि धाकटी भावंडे यांच्यामध्ये मुलीला रोज तासभर मिळत नाही.

ही उणीव भरून काढणारी चौकट महाराष्ट्रात जुनीच आहे. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार राज्यभर अनुदानित वाचनालये चालतात, आणि परभणी जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत वाचनाची परंपरा आहे. अशा वाचनालयात दोन जुने पण चालू संगणक, लिब्रेऑफिस, उतरवून ठेवलेले मराठी पाठ, हेडफोन आणि मुलींसाठी राखून ठेवलेली दुपारची वेळ एवढे असले तरी सुरुवात होते. सॉफ्टवेअरला पैसा लागत नाही. वीज, देखभाल आणि आठवड्यातून एकदा अडलेले सोडवून देणारा माणूस यांना लागतो. तो माणूस जवळच्या महाविद्यालयातला संगणकाचा विद्यार्थीही असू शकतो. पुण्याच्या क्लासला एका मुलामागे जो खर्च होतो, त्याच्या शेजारी हा खर्च मांडून पाहण्याचे काम ग्रामपंचायती, नगरपालिका आणि वाचनालयांच्या कार्यकारिणींचे आहे.