फोटो मालकाचा, हात मिस्त्रीचे

१९८९ ते २००१ दरम्यान बनलेल्या मर्सिडीज एसएल गाडीचे कापडी छत हायड्रॉलिक सिलिंडरवर उघडते. जुनी झाली की सिलिंडरमधले सील कुजतात आणि तेल चालवणाऱ्याच्या डोक्यावर ठिबकते. नवे सिलिंडर फार महाग. आमच्या मोहल्ल्यातले मिस्त्रीचाचा जुनेच सिलिंडर उघडतात, फक्त सील बदलतात. छत पुन्हा चालू!

पुढे प्रदर्शनात फोटो निघतो मालकाचा. चाचांचे नाव कुठेच नसते. त्यांचा मुलगा म्हणतो, "अब्बा, मला हे काम नको." त्याला कसा दोष देऊ? आपण जलशांत तालीमवर भाषणे देतो, पण हातातल्या इल्मला इज्जत देत नाही. माझे म्हणणे एवढेच: चाचांकडे प्रमाणपत्र नसले तरी आयटीआयने त्यांना शिकवायला बोलवावे, मानधन देऊन.