स्वाक्षरी आणि सौजन्य

आमच्या तेल्हाऱ्यासारख्या लहान गांवीं नामांकित खेळाडू सहसा येत नाहींत. सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेल्या या कापसाच्या मुलुखांत मुलांस त्यांचें दर्शन घडतें तें मोबाईलच्या पडद्यावर, नाहीं तर भिंतीवर चिकटविलेल्या चित्रांत. म्हणून ज्याला एखाद्या खेळाडूची स्वाक्षरी मिळाली तो विद्यार्थी शाळेंत चार दिवस राजाच होऊन बसतो. अमरावतीचा जितेश शर्मा २०२३ सालीं भारताच्या संघांतून खेळला. विदर्भानें २०१८, २०१९ व २०२५ या सालीं रणजी करंडक जिंकला. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ च्या जुलैंत बुद्धिबळाच्या महिला विश्वचषकाची मानकरी ठरली. आपल्याच बाजूचीं माणसें मोठीं होतात हें आतां मुलांस उमगलें आहे, आणि दप्तरांत स्वाक्षरीची वही बाळगण्याची हौस वाढली आहे. या हौसेस आम्ही कधीं हंसलों नाहीं. परंतु गेल्या वर्षीं घडलेल्या एका गोष्टीमुळें या विषयावर आमच्या विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं चार शब्द बोलावेसे वाटले.

आमच्या शाळेच्या कबड्डीच्या संघाचा नायक आठवीच्या वर्गांतील एक मुलगा आहे. नांव देण्याचें कारण नाहीं. गांव लहान आहे, ओळखणारे ओळखतीलच. एके दिवशीं सायंकाळीं पांचवीचें एक पोर मैदानाच्या कडेस येऊन 'दादा, मले बी खेयू दे ना' म्हणून त्याच्या मागें लागलें. नायकानें त्याच्या तोंडाकडे न पाहतां त्यास कोपरानें बाजूस सारलें, आणि म्हणाला, 'चल हट, और कोई काम नहीं क्या?' आम्ही व्हरांड्यांत उभे होतों. वऱ्हाडांत जन्मलेलें, घरीं दारीं वऱ्हाडी बोलणारें हें पोर. याच्या तोंडीं ही हिंदी कोठून आली, याचेंच आम्हांस प्रथम नवल वाटलें.

उलगडा पुढें आठ दिवसांनीं झाला. मुलाचे वडील फी भरावयास आले असतां बोलतां बोलतां त्यांनीं हकीकत सांगितली. मुलगा मामाबरोबर एका मोठ्या शहरीं सामना पाहावयास गेला होता. एस. टी. व आगगाडी मिळून रात्रभराचा प्रवास. सामना संपल्यावर खेळाडूंची गाडी ज्या फाटकांतून सुटते तेथें तो दोन तास उभा राहिला. हातांत वही, वहींत कोरें पान, खिशांत दोन पेनें. एक बंद पडलें तर दुसरें असावें म्हणून. ज्याच्यासाठीं गेला होता तो खेळाडू आला, अगदीं हाताच्या अंतरावर आला. मुलानें वही पुढें केली. खेळाडूनें ती कोपरानें बाजूस सारली, वर वर सांगितलेले तेच शब्द उच्चारले, आणि तो गाडींत चढला.

तो खेळाडू कोण, हें आम्ही सांगणार नाहीं. त्या दिवशीं तो हरला होता, कीं त्याचें अंग दुखत होतें, कीं घरून कांहीं वाईट वर्तमान आलें होतें, हें आम्हांस ठाऊक नाहीं; आणि एका क्षणाच्या वर्तनावरून कोणाच्या उभ्या आयुष्याचा निवाडा करूं नये, असें आम्हीच वर्गांत शिकवितों. वडील म्हणाले, 'सर, पोरगं रडलं नाही. वही कपाटावर फेकली, बस.' रडला असता तर आम्हांस कमी काळजी वाटली असती. अपमान गिळून बसलेलें मूल तो अपमान आपल्याहून लहान कोणी सांपडतांच त्याच्या पदरांत टाकतें. खेळाडूंना वाटतें कीं मुलें आपला फटका, आपली चढाई, फार तर आपली दाढी व केस उचलतात. मुलें सर्वच उचलतात. बोलण्याचा सूर तर फटक्याच्या आधीं उचलतात, कारण त्यास सराव लागत नाहीं.

हा रोग एका देशाचा किंवा एका खेळाचा नव्हे. इंग्लंडांत ९ एप्रिल २०२२ रोजीं एव्हर्टनच्या मैदानावर सामना हरून परततांना जगप्रसिद्ध फुटबॉलपटु क्रिस्तियानो रोनाल्दो यानें एका १४ वर्षांच्या मुलाच्या हातांतील मोबाईल झटक्यानें खालीं पाडला. त्यानें जाहीर क्षमा मागितली, तरी तेथील फुटबॉलच्या संस्थेनें त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्यास दोन सामन्यांची बंदी व ५० हजार पौंडांचा दंड केला. आमच्या मराठी रंगभूमीचे व चित्रपटांचे नामवंत नट नाना पाटेकर यांनीं २०२३ च्या नोव्हेंबरांत काशी येथें चित्रीकरण चालू असतां सेल्फी घ्यावयास आलेल्या एका तरुणास डोक्यावर चापट मारली. मागाहून त्यांनीं क्षमा मागितली, आणि तो आपल्याच मंडळींपैकीं आहे असें समजून, दृश्याचा भाग म्हणून आपण मारलें, असा खुलासा केला. खुलासा खरा मानावयास आमची हरकत नाहीं. परंतु क्षमा जगभर पोहोंचते ती वर्तमानपत्रांच्या द्वारें; ज्या मुलाचें नांव कोठेंच छापून आलें नाहीं, त्याच्या कपाटापर्यंत ती कशी पोहोंचणार?

कोणी म्हणेल, खेळाडूचें काम खेळणें. तो लोकांचा काय देणें लागतो? येथें आम्हांस खाशाबा जाधवांची आठवण होते. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचा हा मल्ल. १९५२ सालीं हेलसिंकी येथील ऑलिंपिकला जावयास त्यांच्यापाशीं पैसा नव्हता. गांवोगांवच्या लोकांनीं वर्गणी दिली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक पदक. परत आले तेव्हां शंभरांवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि पुढें काय केलें? कुस्त्यांचे फड भरवून, स्वतः त्यांत लढून, त्या पैशांतून त्यांनीं गुरूंचें घर सोडविलें. हें देणें त्यांस कोणत्याही कायद्यानें लागत नव्हतें असें नाहीं, पण कोणी तगादाही लावला नव्हता. आजच्या खेळाडूसाठीं कोणी घर गहाण टाकीत नाहीं हें खरें. तरी तिकिटाचा पैसा शेवटीं कापूस विकूनच येतो. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या मामानें कोठून आणला होता हें आम्हांस ठाऊक आहे.

स्वाक्षरी मागण्याची ही चाल मूळची आमची नव्हे. १९१४ सालीं स्थापन झालेलें अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वऱ्हाडांत सर्वांस माहीत आहे. १९३६ सालीं त्याचें पथक बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आलें. त्या वेळच्या आखाड्यांत मुलें वही घेऊन जात नसत. तीं पाया पडत, आणि वस्ताद पाठीवर थाप देत. त्या थापेचा माग अंगावर राहत नसे, परंतु मूल ती म्हातारपणापर्यंत सांगत असे. आजची स्वाक्षरी म्हणजे ती थापच कागदावर उतरलेली. ज्यानें थाप द्यावयाची त्यानें ढकललें, तर तें मुलाच्या पाठीस कसें लागतें, हें त्या मोठ्या माणसांनीं एकदां तरी स्वतःचें बालपण आठवून पाहावें.

एवढें म्हटल्यावर दुसरी बाजू न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. ४ जून २०२५ रोजीं बंगलोर येथें विजयी संघाच्या स्वागतास जमलेल्या गर्दींत चेंगराचेंगरी होऊन ११ माणसें मेलीं. आमचा अमरावतीचा जितेश त्याच संघांत होता. अशी गर्दी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस चार हात एकदम पुढें आले कीं प्रथम भीतिच वाटत असेल. मुंबईंत २०२३ च्या फेब्रुवारींत पृथ्वी शॉ याच्या बाबतींत सेल्फीवरून वाद होऊन प्रकरण मोटार फोडण्यापर्यंत व पोलिसांपर्यंत गेलें. दोन्ही बाजूंनीं फिर्यादी झाल्या, त्यांतील खरेंखोटें पाहणें न्यायालयाचें काम. त्याच मुंबईच्या वानखेडे मैदानावर १ एप्रिल २०२४ रोजीं प्रेक्षकांनीं हार्दिक पंड्याची हुर्यो केली, आणि ४ जुलै रोजीं, विश्वचषक हातीं येतांच, त्याच मैदानावर त्याचाच जयघोष केला. अशा प्रेमाचा भरंवसा खेळाडूनें किती धरावा? शिवाय स्वाक्षरी घेऊन ती बाजारांत विकणारे लोक निघाले आहेत. दहा वेळां फसलेला माणूस अकराव्या वेळीं खऱ्या मुलासही संशयानेंच पाहतो.

म्हणून आमचें मत असें कीं स्वाक्षरी हा कोणाचाही हक्क नव्हे. खेळाडूनें ती नाकारावी, खुशाल नाकारावी. परंतु नाकारणें निराळें आणि झिडकारणें निराळें. 'आज नाहीं, बाळ' एवढें म्हणावयास जेवढा वेळ लागतो, तेवढाच 'चल हट' म्हणावयास लागतो. किंबहुना 'और कोई काम नहीं क्या' हें तर लांबच पडतें. वेळ नव्हता ही सबब येथें चालत नाहीं.

मोठेपण आणि स्वाक्षरी यांचें नातें कसें असावें, हें पाहावयाचें असेल तर आम्ही १४ मे २०२३ चा प्रसंग सांगूं. मद्रासच्या चेपॉक मैदानावर सामना संपल्यावर महेंद्रसिंह धोनी प्रेक्षकांस अभिवादन करीत मैदानाची फेरी घालीत होता. तेवढ्यांत एक ७३ वर्षांचे गृहस्थ धांवत त्याच्याकडे गेले, आणि अंगांतील सदऱ्यावर, छातीपाशीं, त्यांनीं त्याची स्वाक्षरी मागून घेतली. ते गृहस्थ म्हणजे आमचे मुंबईचे सुनील गावसकर. कसोटी सामन्यांत १० हजार धांवा सर्वांआधीं पूर्ण करणारे. स्वाक्षरी देणारा त्यांच्याहून सुमारे ३२ वर्षांनीं लहान. ज्या माणसानें स्वतः हजारों वह्यांवर सह्या केल्या असतील, त्याला मागतांना संकोच वाटला नाहीं. आमच्या शिक्षकांच्या खोलींत यावर बरीच चर्चा झाली. एक सहकारी म्हणाले, हा पोरकटपणा आहे. आम्ही तसें मानीत नाहीं.

आतां थोडें स्वतःविषयीं. खेळाडूंवर बोट रोखतांना आम्हांस एक प्रसंग टोंचतो. कांहीं वर्षांपूर्वीं दहावीच्या निरोप-समारंभानंतर एक विद्यार्थिनी वही घेऊन आमच्याकडे आली. आम्ही उत्तरपत्रिका तपासण्यांत गढलों होतों. मान वर न करतां 'नंतर ये' म्हणालों. ती नंतर आली नाहीं. पुढें तिचें लग्न होऊन ती बुलढाण्याकडे गेली, असें कळलें. शिवी दिली नाहीं, ढकललें नाहीं. तरी मान वर केली नाहीं, हें खरेंच आहे. पालकांनींही आपापलें पाहावें. शेतावरून किंवा दुकानांतून घरीं आल्यावर प्रगतिपुस्तक घेऊन उभ्या राहिलेल्या मुलास आपण कोणत्या सुरांत बोलतों? तीही स्वाक्षरीच मागत असतात.

आमच्या विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: जेवतांना, देवळांत वा प्रार्थनेंत, आजाऱ्यापाशीं आणि सामना हरून परततांना कोणापुढें वही करूं नये. आधीं नमस्कार करावा, नंतर मागावें. न मिळाल्यास आभार मानून बाजूस व्हावें. पाठीमागून नांवें ठेवूं नयेत.

यंदाच्या क्रीडा-संमेलनास जिल्ह्यांतील एका कबड्डीपटूस बोलाविण्याचें ठरत आहे. आम्हीं मुख्याध्यापकांस सुचविलें आहे कीं बक्षीस-समारंभानंतर अर्धा तास राखून ठेवावा. पाहुण्यांस आधीं विचारावें. त्यांची संमति असल्यास मुलांनीं रांग धरावी, एका मुलाची एकच वही, आणि मोबाईल शिक्षकांच्या खोलींत. पांचवीचीं मुलें पुढें. रांगेची व्यवस्था आठवीच्या त्या नायकाकडे देण्याचें योजिलें आहे. त्यानें होकार दिला आहे. त्या पांचवीच्या पोरास तो अलीकडे खेळावयास घेतो, हें आम्हीं व्हरांड्यांतून पाहिलें आहे; त्याबद्दल आम्ही त्यास कांहीं बोललों नाहीं, तोही बोलला नाहीं. त्याची स्वतःची वही मात्र, वडील सांगतात, अजून कपाटावरच आहे.